मूठ आवळायचा प्रकल्प : कोथरूडच्या सोसायटीतल्या नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२५)

२१ जून, शनिवार

आजपासून लिहून ठेवतोय. कोणाला आपल्या घरात किंवा सोसायटीत हेच, म्हणजे मूठ आवळून धरायच्या व्यायामाने बीपी उतरवायचं, करायचं असेल तर आमचे पैसे आणि वेळ जिथे गेले तिथे त्यांचे तरी जाऊ नयेत एवढंच.

झालं असं की एप्रिलमध्ये आईच्या (वय ७१) डाव्या हातातून चहाचा कप सुटला, हात जड झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बरा. एमआरआय काढला तर मेंदूत दोन जुने बारीक डाग निघाले, कधीतरी होऊन गेलेले, आम्हाला कळलेसुद्धा नव्हते. शिवाय मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात ठिपके. न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर चित्र काढून दाखवलं, मोठ्या रक्तवाहिनीतून काटकोनात केसासारख्या बारीक वाहिन्या आत जातात, बीपीचा तडाखा त्यांना थेट बसतो, वर्षानुवर्षं बसला की त्यांची भिंत जाड होते आणि एक दिवस ती बारीक नळी बंद पडते. मग म्हणाले, हे परत होऊ द्यायचं नसेल तर बीपी, बीपी आणि बीपी.

गोळ्या चालू आहेत. पण आईचे गुडघे गेलेत, टेकडी तर सोडाच, पावसाळ्यात आमच्या गल्लीतून कर्वे रोडपर्यंत चालणंही धोक्याचं. मी स्वतः ४६, दिवसाचे दहा तास लॅपटॉपसमोर. म्हणून बसल्या जागी करता येईल असं शोधत होतो तर मूठ आवळून धरायचा व्यायाम सापडला. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०१७ च्या बीपीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो सरळ दिलाय : आपल्या पूर्ण जोराच्या ३० ते ४० टक्के जोर लावून २ मिनिटं मूठ धरायची, १ मिनिट सोडायची, असं ४ वेळा, आठवड्यातून ३ दिवस, ८ ते १० आठवडे. बीपी जास्त असलेल्यांत वरचा आकडा साधारण ५ ने उतरतो असं त्यात आहे. एका वेळेला ११ मिनिटं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले करा, पण ३० टक्क्यांच्या वर जायचं नाही, श्वास कोंडायचा नाही आणि गोळी बंद करायची नाही. आईच्या वहीत मी ही तीन वाक्यं पहिल्या पानावर लिहिली.

ग्रुपवर टाकलं तर सहाजण जमलो. आई, मी, तिसऱ्या मजल्यावरचे काका (६३, बँकेतून रिटायर) आणि काकू, बी विंगमधल्या वहिनी (५२, घरून शिकवण्या घेतात) आणि आमचे वॉचमन मामा (५५), बारा-बारा तास खुर्चीवर. सहाही जण व्यायाम न करणारे.

२४ जून

पहिली चूक आजच झाली. स्प्रिंगवाले हँड ग्रिपर ऑनलाइन मागवले, चार नग, प्रत्येकी २४९. त्यावर ५ ते ६० किलोची चकती आहे म्हणून वाटलं आकडा लावला की झालं. पण तो आकडा कुठल्या टोकाला लागू आहे कळत नाही, अर्धा दाबला तर वेगळा जोर, पूर्ण दाबला तर वेगळा. आणि मुळात हे उघड-मीट करायचं साधन आहे, आपल्याला एका जागी ठराविक जोर धरून ठेवायचाय. आईच्याने तो सगळ्यात कमी सेटिंगवरही मिटला नाही. जवळजवळ हजार रुपये गेले.

२९ जून, रविवार

कुठेतरी वाचलं होतं की संधिवाताच्या पेशंटची पकड मोजायला डॉक्टर बीपीच्या पट्ट्याची गुंडाळी वापरायचे. पट्टा गुंडाळायचा, २० पर्यंत हवा भरायची, मग मुठीत दाबायचा आणि काटा कुठे जातो बघायचं. टिळक रोडजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून घड्याळासारखा काट्याचा बीपी मीटर आणला, ८५० रुपये.

आईला छान जमलं. पण मी दाबला तर काटा ३०० च्या खिळ्याला जाऊन आपटला, मामांचाही तसाच. म्हणजे ज्यांची पकड बऱ्यापैकी आहे त्यांचा पूर्ण जोर यात मावतच नाही आणि तो कळला नाही तर ३० टक्के काढणार कशाचे. दुसरं म्हणजे २ मिनिटं धरून ठेवलं की हवा हळूहळू गळते, काटा खाली येतो, माणूस बिचारा आणखी जोर लावत बसतो. व्हॉल्व्ह घट्ट केला, नळीला टेप मारला, तरी गळतच राहिला. रविवार गेला. फक्त म्हाताऱ्या माणसांची पकड महिन्यातून एकदा बघायची असेल तर हे चालेल, रोजच्या व्यायामाला नाही.

५ जुलै, शनिवार

डिजिटल डायनॅमोमीटर, म्हणजे पकडीचा जोर मोजायचं यंत्र, आला, २,७९०. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात अंगाला लावून, तीनदा पूर्ण जोर, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. संध्याकाळी सगळ्यांचे आकडे घेतले आणि वहीत मांडले.

मोठी अडचण अशी निघाली की हे यंत्र सगळ्यात मोठा आकडा पकडून ठेवतं. पूर्ण जोर मोजायला उत्तम, पण २ मिनिटं ३० टक्क्यांवर धरायचं तर आत्ता या क्षणी किती जोर लागतोय तो हलता आकडा दिसायला हवा, तो दिसत नाही. मागवायच्या आधी हे विचारायला हवं होतं. मग बॅगा तोलायचा डिजिटल काटा मागवला, ३९९, तोही आकडा स्थिर झाला की लॉक होतो. परत तेच.

८ जुलै

उत्तर रद्दीवाल्याकडे मिळालं. सकाळी ते रद्दी तोलत होते आणि त्यांचा स्प्रिंगचा काटा बघता बघता वाटलं की हेच तर हवंय. सुई सतत हलती, बॅटरी नाही, लॉक नाही. त्यांनाच विचारलं कुठून घेतला. २५ किलोचे दोन काटे आणले, ३६० ला एक.

मांडणी अशी : दोन फुटी जाड फळी. एका टोकाला उभा दांडा पक्का, त्यावर तळहाताचा गादीचा भाग टेकतो. त्याच्या पुढे साधारण ५ सेंटिमीटरवर दुसरा दांडा, मोकळा, त्यावर चार बोटं. या मोकळ्या दांड्याला दोन्ही टोकांना दोरी, दोरी काट्याच्या हुकाला, आणि काट्याचं दुसरं टोक फळीच्या लांबच्या टोकाला टर्नबकलने (फिरवून ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) बांधलेलं. मूठ आवळली की बोटांचा दांडा तळहाताकडे येतो, काटा ताणला जातो आणि सुई समोर दिसते. दांड्यांसाठी आईने तिचं जुनं सागवानी लाटणं दिलं, दुसऱ्या चौकटीसाठी काकूंनी. सुताराने दोन्ही चौकटींचे मिळून ८०० घेतले, हुक-दोरी-टर्नबकल २४०.

१२ जुलै, शनिवार

चौकटी आल्या. सुई तपासायला पाच लिटरचा पाण्याचा कॅन लटकवला, कॅन रिकामा २१० ग्रॅम (स्वयंपाकघरातल्या काट्यावर), म्हणजे ५.२ दाखवायला हवं, एका काट्याने ५.६ दाखवलं. वर शून्याचा स्क्रू असतो तो फिरवून बसवला. हे प्रत्येक महिन्याला करा, स्प्रिंग सैल होते.

स्प्रिंग ताणली जाते त्यामुळे जोर वाढला की दांडा आत येतो आणि मूठ फार मिटते. म्हणून प्रत्येकासाठी टर्नबकल फिरवून असं लावायचं की त्याच्या ठरलेल्या किलोवर दोन दांड्यांत ५ सेंटिमीटर राहतील. काट्यावर प्रत्येकाच्या आकड्याला रंगीत टिकली चिकटवली, आईला कुंकवाची टिकलीच पुरली.

१३ जुलै, रविवार

सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांचं सुरुवातीचं बीपी घेतलं. वारज्याहून माझा धाकटा भाऊ मदतीला आला होता, त्याचंही घेतलं. लिफ्ट बंद होती, सगळे जिने चढून आले, चहा होता, गप्पा चालू, एकामागून एक पट्टा बांधत गेलो आणि प्रत्येकी एकच रीडिंग लिहिलं. या दिवसाबद्दल पुढे लिहिणार आहे.

काकांचं १७२/९८. दहा मिनिटांनी परत घेतलं, १६८/९८. विचारलं तर कळलं की बीपीची गोळी फेब्रुवारीतच बंद केली, कारण "तपासलं तेव्हा नॉर्मल होतं". गोळीमुळे नॉर्मल होतं हे काकूंनी तेव्हाही सांगितलं होतं, असं काकू म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. काकांना व्यायामातून सध्या बाहेर ठेवलं, आधी डॉक्टर. ज्यांचं १८०/११० किंवा वर आहे, ज्यांना छातीत दुखतं, ज्यांना डोळ्याच्या पडद्याचा किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याचा त्रास आहे त्यांनी तर दांड्याला हातही लावू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. मूठ आवळताना बीपी खाली नाही, वर जातं. उतार येतो तो आठवड्यांनी.

१४ जुलै, सोमवार

पहिलं सत्र आणि फार वाईट गेलं. आईच्या टिकलीचा आकडा ९.८ किलो. तिने ४० सेकंद धरलं, चेहरा लाल, ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. मी दुसऱ्या हाताला पट्टा बांधलाच होता, रीडिंग १७८/९६. लगेच थांबवलं. तिला काही झालं नाही, पाणी प्यायली, पंधरा मिनिटांत १४० वर आली, पण मला रात्रभर झोप लागली नाही. ज्या बारीक नळ्यांसाठी हे सगळं करतोय त्यांच्यावरच मी आज दाब टाकला.

काकूंनाही तसंच जड गेलं. मला, वहिनींना आणि मामांना काहीच वाटलं नाही.

१५ जुलै

चूक सापडली. ५ तारखेला आईचा पूर्ण जोर ३२.६ असा लिहिलाय. ३२.६ किलो पकड असलेल्या बाईला ग्रिपरची सगळ्यात हलकी स्प्रिंग मिटवता येणार नाही का, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मामांच्या पाळीत यंत्राच्या मागचं बटण दाबलं गेलं आणि ते किलोवरून पौंडावर गेलं, त्यांच्यानंतर आई आणि काकू. ३२.६ पौंड म्हणजे १४.८ किलो. तिचे ३० टक्के होतात ४.४ किलो आणि मी तिला ९.८ धरायला लावलं, म्हणजे तिच्या जोराच्या दोन तृतीयांश.

आता दर वेळी आकड्यापुढे एकक लिहितो आणि बटणावर टेप मारलाय. काकूंचे १९, वहिनींचे २३, मामांचे ४१, माझे ३७ किलो. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेली रेघ आहे ती बायकांना १८ आणि पुरुषांना २८ किलो, त्याखाली असेल तर पकड कमजोर धरतात. आई त्याच्या बरीच खाली.

१६ जुलै

४.४ वर आईने दोन्ही हातांनी आलटून पालटून चार फेऱ्या पूर्ण केल्या. तरी श्वास कोंडते. "आई श्वास घे" म्हटलं की घेते, परत विसरते. मी स्वतःही कोंडतो असं वहिनींनी दाखवून दिलं.

यावर उपाय आईनेच काढला. पाढे म्हणायचे, मोठ्याने. बोलताना श्वास कोंडता येत नाही. ती पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणते, शाळेत पाठ केलेल्या, दोन मिनिटं कुठे जातात कळत नाही. वहिनी तेरा ते एकोणीस म्हणतात. याच आकड्यावर, पाढे म्हणत असताना आईचं मधलं रीडिंग १५२ च्या वर गेलं नाही. या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

वेळेचंही जमलं. जोडी करायची, एकाने दाबायचं तेव्हा दुसऱ्याने हात झटकायचा. विश्रांती १ ऐवजी २ मिनिटं होते, चालतं, एका चौकटीवर दोघांचं १६ मिनिटांत आटोपतं.

२६ जुलै

काकूंच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, तिथे झीज आहेच. दांड्यावर जुन्या पंच्याची पट्टी गुंडाळून जाड केला, बोटं कमी मिटतात, दुखणं कमी. जोर २० टक्क्यांवर आणला. पाच दिवस पूर्ण सुट्टी. मामांना रात्रपाळीनंतर सकाळी करायला लावत होतो, ते पेंगायचे, आता पाळी सुरू व्हायच्या आधी संध्याकाळी करतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चार आठवडे झाले. बीपी घेतलं. सरासरी ९ ने उतरलं! आई १५० वरून १४०, मी १४१ वरून १३१, वहिनी १२६ वरून ११७. ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली, सी विंगमधून आणखी चौघांनी नावं दिली. खूप बरं वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीपौर्णिमेला भाऊ आला होता, सहज त्याचंही घेतलं. १३ जुलैला १३६, काल १२८. त्याने काहीही केलेलं नाही, एकदाही मूठ आवळलेली नाही. तरी ८ ने उतरलं.

मग शांत बसून १३ जुलै आठवला. जिने चढून आलेली माणसं, चहा, गप्पा, पाय लटकते, पट्टा शर्टाच्या बाहीवरून, एकच रीडिंग. ते सगळे आकडे फुगलेले होते. ८ ऑगस्टला मात्र घरोघरी जाऊन निवांत घेतलं. म्हणजे आमच्या ९ मधले बहुतेक ८ हे नीट बसण्याचे, मुठीचे नव्हेत. काकूंच्या बाबतीत आणखी एक, त्यांचा दंड ३४ सेंटिमीटर आणि आमचा पट्टा ३२ पर्यंतचा. पट्टा लहान असला की बीपी जास्त दाखवतं. मोठा पट्टा आणला, ७५०.

ग्रुपवर लिहिलं की परवाचा आकडा धरू नका, चूक माझी. सोपं नव्हतं, पण कोणीतरी तो आकडा बघून गोळी सोडली असती तर काय. काकांचं उदाहरण समोर आहेच, त्यांची गोळी परत चालू झाली आणि आता १३८ च्या आसपास असतात.

१२ ऑगस्ट

ठरलं. व्यायाम थांबवायचा, गणपती होऊ द्यायचे, मग पहिल्यापासून नीट मोजून सुरू करायचं. चार आठवडे पाण्यात गेले असं काकांना वाटलं, मलाही वाटलं, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. थांबलं की याचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून सुरुवात नव्यानेच धरायची.

मोजायची पद्धत छापून प्रत्येकाच्या फ्रिजवर लावली : आधी अर्धा तास चहा-कॉफी-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाय जमिनीवर, ५ मिनिटं गप्प, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकलेला, दोन रीडिंग एका मिनिटाच्या अंतराने. सकाळ संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर जास्त धरायची, दवाखान्यातला १४०/९० घरी लावायचा नाही.

भाऊ "फक्त मोजणारा" म्हणून सामील झाला. त्याच्याकडे तसंच मशीन आहे. असा एक माणूस प्रत्येक गटात हवाच.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली. दहा दिवसांत कोणाची झोप नीट नाही, ढोल, जागरण, मोदक, फरसाण. आईचं गंमत म्हणून घेतलेलं रीडिंग १५१. या दिवसांत सुरुवात केली नाही हे बरं झालं. उद्यापासून सात दिवस नुसतं मोजणं.

१५ सप्टेंबर, सोमवार

खरी सुरुवात. सात दिवसांची सरासरी : आई १४१/७८, मी १३१/८६, काका १३८/८४ (गोळीसकट), काकू १३७/८४, वहिनी ११६/७४, मामा १४६/९२, भाऊ १२७/८२. मामांचं आयुष्यात पहिल्यांदा कोणी बीपी मोजलं. महापालिकेच्या दवाखान्यात मी बरोबर गेलो, गोळी सुरू झाली.

२७ सप्टेंबर

ग्रुपवर कोणीतरी टाकलं की पकड मजबूत तर आयुष्य जास्त. हे २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या पाहणीवरून आहे, १७ देश, भारतही त्यात, जवळजवळ १ लाख ४० हजार माणसं, पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. पण ती पकड म्हणजे अंगातल्या एकूण ताकदीची खूण आहे, ताप मोजायच्या काचेसारखी. नुसती मूठ घट्ट करून ती खूण पुसली म्हणजे आतलं बरं झालं असं नाही. आम्ही जे करतोय ते वेगळं, हलका जोर लांबवर धरायचा, स्नायू आवळलेला असताना त्यातल्या वाहिन्या दाबल्या जातात, सोडला की रक्त उसळून आत येतं, वाहिनीच्या आतल्या अस्तराला त्या प्रवाहाचा घासा लागतो आणि ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, वाहिनी सैल पडते. शिवाय बीपी सांभाळणाऱ्या नसांची घडीही बदलते. म्हणून आकडा ३० टक्केच. मामा जोरात दाबून दाखवायचे, त्यांना हे सांगितल्यावर थांबले.

४ ऑक्टोबर

काकांच्या ओळखीतून कोणीतरी सुचवलं की डोक्याची डॉप्लर करून घ्या, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह सुधारला का ते कळेल. आईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कानशिलाच्या हाडातून आवाजाच्या लाटा आत पाठवतात, वय झालेल्या बायकांत ते हाड बऱ्याचदा लाटा आत जाऊ देत नाही, आणि दिसलं तरी ते मोठ्या वाहिनीतला वेग दाखवतं, तुमच्या आईच्या बारीक नळ्या त्यात दिसत नाहीत. त्यांनी उलट दुसरी गोष्ट सांगितली : २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निकाल आले, पन्नाशीच्या पुढची बीपीची माणसं, एका गटाचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलं, दुसऱ्याचं १४० च्या, तर पहिल्या गटात विसराळूपणाची सुरुवातीची पायरी कमी जणांना लागली आणि एमआरआयवरचे पांढरे ठिपके कमी वाढले. डॉप्लरचे पैसे बाजूला ठेवले, मग वहिनींना बीपीचं मशीन घेतलं.

भिंतीला पाठ लावून हवेत खुर्ची करायचा व्यायामही करून बघितला, कारण २०२३ च्या एका आढाव्यात, २७० प्रयोग आणि १५ हजारांवर माणसं, अशा धरून ठेवायच्या व्यायामांनी बीपी सगळ्यात जास्त उतरलं आणि त्यातही ही भिंतीची खुर्ची पुढे होती. मला आणि वहिनींना जमते. आईचे, काकूंचे गुडघे आहेत, त्यांचा नाद सोडला.

११ ऑक्टोबर

वॉचमनची एजन्सी बदलली, मामांना धायरीला दुसऱ्या सोसायटीवर टाकलं, दोन दिवसांची नोटीस. चौथा आठवडा नुकताच संपला होता. दुसरी चौकट त्यांना देऊन टाकली, टिकलीसकट, वही आणि गोळ्यांचं रिकामं पाकीटही, म्हणजे नवीन दवाखान्यात नाव सांगता येईल. आता एकाच चौकटीवर पाच जण, वेळ वाढला.

२५ ऑक्टोबर

दिवाळीत तीन सत्रं बुडाली. चकली, शेव, चिवडा, मीठ किती गेलं सांगता येणार नाही. काकूंचा अंगठा परत दुखला पण चकल्या पाडण्यामुळे, सोऱ्या फिरवून. सोऱ्या फिरवणं म्हणजे व्यायाम झालाच की असं त्या म्हणाल्या, पण तो जोर मोजलेला नाही आणि श्वास तर नक्की कोंडलेला असतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

८ तारखेला आठ आठवडे संपले, २४ पैकी २१ सत्रं. गेले सात दिवस मोजलं.

आई १३६/७६. मी १२६/८३. काका १३४/८२. काकू १३८/८४, म्हणजे काही नाही, त्यांनी २० टक्क्यांवर केलं आणि मध्ये सुट्ट्या झाल्या, पण ३० वर केलं असतं तर उतरलं असतं असं मी म्हणणार नाही. वहिनी ११७/७४, त्यांचं मुळात उतरायला काही नव्हतं. भाऊ १२९/८३, काही न करता २ ने वाढलं. आता सकाळी थंडी पडायला लागली आहे आणि थंडीत बीपी चढतं, म्हणून आईचे ५ हे कदाचित ५ पेक्षा थोडे जास्तच मोलाचे. पाच माणसांवरून याहून जास्त काही बोलायची माझी तयारी नाही. आईची पकड १४.८ वरून १६.३, त्यातला काही भाग यंत्र हाताळायची सवय झाल्याचा.

आईची गोळी तीच आहे, डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी सरासऱ्या वाचल्या आणि म्हणाले, डोस वाढवायचा विचार होता तो तीन महिने थांबवू. आई त्या दिवशी रिक्षातून उतरून गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चालत आली.

खर्च लिहून ठेवतो. ग्रिपर ९९६, काट्याचा मीटर ८५०, डायनॅमोमीटर २,७९०, बॅगांचा काटा ३९९, स्प्रिंगचे काटे ७२०, सुतार ८००, हुक-दोरी २४०, मोठा पट्टा ७५०. एकूण ७,५४५, त्यातले २,२४५ वाया (वहिनींचं मशीन वेगळं). परत करायचं झालं तर डायनॅमोमीटर विकत घेणार नाही, फिजिओथेरपिस्टकडे असतो, एकदा जाऊन सगळ्यांचा पूर्ण जोर मोजून आणायचा. मग एक चौकट ८८० रुपयांत होते. पट्ट्यावर मात्र पैसे वाचवू नका, आधी टेपने दंड मोजा.

सी विंगचे चौघे आजपासून नुसतं मोजायला बसलेत, सात दिवस. त्यातल्या एका आजोबांचं कालच १६० च्या पुढे होतं, त्यांना आधी डॉक्टरांकडे धाडलंय.

संध्याकाळी मामांचा फोन आला. धायरीत त्यांच्या केबिनमध्ये चौकट खिडकीखाली ठेवली आहे, पाऊस आत आला होता, आता सुई मध्येच अडकते, खोबरेल लावू का. म्हटलं खोबरेल थंडीत थिजेल, शिलाई मशीनचं तेल एक थेंब, आणि मग पाच लिटरचा कॅन लटकवून बघा, ५.२ दाखवतो का ते. रविवारी मीच जाणार आहे, रिकामा कॅन घेऊन.